आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा

ताई, तुमच्या चार वर्षांच्या मुलाच्या एक्झिमाचं, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजणाऱ्या चट्ट्यांचं, वाचलं. दुकानातून आणलेलं मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, सोडलं की आठवड्यात गालावर चट्टे परत. आणि सासूबाई म्हणतात, स्टेरॉइड आहे, फेकून दे. आमच्याकडे हेच झालं होतं. लेक पाच वर्षांची, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं जुनं घर, जानेवारीचं धुकं, रात्री सगळे सिगडीभोवती. कातडी आणखी सुकायची आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे.

आमच्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल. पहिलं सगळ्यात जहाल स्टेरॉइडपैकी एक. दुसरं जंतूंवरचं, त्याचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते. तिसरं बुरशीवरचं, आणि बुरशी तिला नव्हतीच. मी ते तीन महिने गालांवर लावलं. कातडी पातळ होऊन लाल रेषा दिसायला लागल्या, तेव्हा डॉक्टर गाठले. २०१८ मध्ये अशी मलमं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मला ते कुणी काही न विचारता दिलं होतं. तुमच्याही ट्यूबवर क्लोबेटासॉल असेल तर याच आठवड्यात ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

पण स्टेरॉइडच नको, असंही ठरवू नका. योग्य ताकदीचं, योग्य दिवस लावलं तर एक्झिमाला आजही पहिलं औषध तेच. लेकीला चेहऱ्यासाठी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड मिळालं, कोपराच्या वळीत आणि गुडघ्यामागे थोडे दिवस मोमेटासोन, त्याहून जोरकस स्टेरॉइड. किती लावायचं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं: मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ मोठ्या माणसाच्याच दोन तळहातांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरते. भीतीपोटी मी आधी टिपूसभर लावायचे. त्यामुळे चट्टा कधी पुरता बसलाच नाही आणि मलम महिनोन्‌महिने चाललं.

चट्टा बसल्यावर परत उठू नये म्हणून टॅक्रोलिमस दिलं, ०.०३ टक्के, जे दोन वर्षांपुढच्या मुलांना चालतं. ते स्टेरॉइड नाही, कातडी पातळ करत नाही. पहिले काही दिवस चुरचुरतं. लेक रडली, मी जवळजवळ सोडून दिलं होतं. पुढे चट्टे नेहमी उठायचे त्या जागी आठवड्यातून फक्त दोनदा. तिच्या झोपा त्यानेच परत आल्या. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर मात्र रोज, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, भरपूर.

खाजेच्या गोळीने झोप येते, एक्झिमा जात नाही. सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट किंवा डुपिलुमॅबचं इंजेक्शन ही फार पसरलेल्या आजाराची औषधं. तुमच्या वर्णनावरून इतक्यात तिकडे बघायची वेळ नाही.

एक मात्र लक्षात ठेवा: चट्ट्यावर पिवळी खपली, पू, ताप किंवा एकाएकी दुखऱ्या फोडांचा घोस दिसला, तर घरातलं कुठलंही मलम लावून वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.