फॉर्म हरवलेला अनुभवी फलंदाज की ट्रिपल-एमधला तरुण? बेसबॉल संघ हे कसं ठरवतात?

प्रश्नाचा गाभा असा: मेजर लीगमधला (अमेरिकी बेसबॉलची सर्वोच्च पातळी) मोठ्या पगाराचा फलंदाज महिनाभर चाचपडतोय, खाली ट्रिपल-एमध्ये (मेजरच्या लगेच खालची, मायनर लीगमधली सर्वात वरची पायरी) विशीतला पोरगा धुलाई करतोय, तर संघानं कशाच्या जोरावर बदल करावा?

सरासरी बघून तर नक्कीच नाही. २०१२ च्या एप्रिलमधला लॉस एंजलिस एंजल्सचा संघ घ्या. ६ विजय, १४ पराभव अशी अवस्था झाल्यावर त्यांनी ३८ वर्षांच्या बॉबी अब्रेऊला मोकळं केलं आणि २८ एप्रिलला २० वर्षांच्या माइक ट्राउटला वर आणलं. अब्रेऊची सरासरी होती ०.२०८, म्हणजे २४ पैकी ५ हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारे फटके). फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये गेलेले दोन चेंडू गवतावर पडले असते तर तीच सरासरी ०.२९२ दिसली असती. इतक्या तुटपुंज्या आकड्यावर कुणाला काढत नसतात. त्याच महिन्यात त्याच संघात अल्बर्ट पुहोल्सही ०.२१७ वर अडकला होता आणि त्याचा एकही होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा, थेट कुंपणापार गेलेला फटका) नव्हता. त्याला कुणी हात लावला नाही. मोसम संपला तेव्हा पुहोल्स ०.२८५ आणि ३० होमरनवर होता, ट्राउट ०.३२६, ३० होमरन, ४९ स्टील्स (पिचर चेंडू टाकत असताना पळून चोरलेले बेस) आणि एकमतानं रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवोदित.

दोघांत फरक काय होता? पुहोल्स ३२ चा, दहा वर्षांच्या २४ कोटी डॉलरच्या कराराचा पहिलाच महिना. अब्रेऊ ३८ चा, आउटफिल्डमध्ये पाय जड झालेले, आणि डीएचची (फिल्डिंग न करता फक्त फलंदाजी करणाऱ्याची) जागा केंड्रिस मोरालेसकडे. म्हणजे बॅट चालली नाही तर त्याच्याकडून दुसरं काहीच मिळत नव्हतं. ट्राउटचं उलटं. सॉल्ट लेकमधली, म्हणजे एंजल्सच्या ट्रिपल-ए संघातली, त्याची ०.४०३ ही सरासरी मी अर्धीच मोजेन, कारण तिथली हवा विरळ आणि त्या लीगमध्ये सगळ्यांचेच आकडे फुगतात. पण धावणं आणि सेंटर फिल्डची फिल्डिंग यांचा फॉर्म जात नाही. बॅट रुसली तरी तो रोज काहीतरी देणारच होता.

आता अनुभवी फलंदाज खरंच संपलाय का, हे ओळखायचं कसं? ताशी ९५ मैलांचा, कमरेच्या उंचीचा फास्टबॉल आला की बघा. उजव्या हाताच्या फलंदाजाचे फाउल सतत पहिल्या बेसच्या बाजूच्या स्टँडमध्ये जात असतील तर बॅट उशिरा येतेय. हे झाकायला तो स्विंग आधीच सुरू करतो, आणि मग प्लेटबाहेर (फलंदाजाच्या पुढ्यातल्या पाटीबाहेर) पडणाऱ्या स्लायडरवर, म्हणजे बाजूला वळणाऱ्या चेंडूवर, फसतो. म्हणून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) वाढणं आणि झोनबाहेरच्या (स्ट्राइक धरल्या जाणाऱ्या पट्ट्याबाहेरच्या) चेंडूंमागे धावणं ही दोन लक्षणं जोडीनं येतात. स्ट्राइकआउटचं प्रमाण साठेक वेळा प्लेटवर आल्यावर बरंचसं कळतं, वॉकचं (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसचं) सव्वाशेच्या आसपास. सरासरीला अख्खा मोसमही अपुरा पडतो. २०२४ पासून बॅटचा वेगही सार्वजनिक आकडेवारीत मिळतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. आणि प्रतिस्पर्धी पिचर (चेंडू टाकणारे) त्याला आधीपेक्षा जास्त फास्टबॉल टाकायला लागले असतील, तर लीगनं निकाल दिलाय असं धरा.

उलट, चेंडू ९५ मैलांपुढच्या वेगानं बॅटवरून सुटतायत, स्ट्राइकआउट जैसे थे आहेत आणि तरी हिट पडत नाहीत, तर ते नशीब आहे. गप्प बसा आणि खेळवत राहा.

नियमांची बाजू चाहते विसरतात. आपल्याकडे फॉर्म गेला की खेळाडू रणजी खेळून परत येतो. इथे मेजर लीगमध्ये पाच वर्षं सेवा झालेल्याला त्याच्या संमतीशिवाय मायनरमध्ये पाठवता येत नाही. काढायचा तर 'डेझिग्नेट' करायचा, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला काढायचा, आणि सात दिवसांत ट्रेड, वेव्हर्स (इतर संघांना त्याला उचलायची संधी) किंवा मुक्ती यांपैकी एक निवडायचं. उरलेला पगार जुन्याच संघाच्या बोकांडी; मुक्त झालेल्याला घेणारा नवा संघ फक्त किमान वेतनाचा हिस्सा देतो. ते पैसे तसेही गेलेलेच असतात, त्यामुळे 'इतका पगार देतोय तर खेळवू' हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. खांदा-मनगट खरोखर दुखत असेल तर मधली वाट आहे: दुखापतीच्या यादीत टाका आणि बरा होताना जास्तीत जास्त वीस दिवस मायनरमध्ये सराव सामने खेळवा. दुसरी वाट म्हणजे काम कमी करणं. पुहोल्सला एंजल्सनी मे २०२१ मध्ये ०.१९८ वर असताना काढलं. डॉजर्सनी त्याला मुख्यतः डावखुऱ्या पिचरविरुद्ध वापरला, आणि २०२२ मध्ये कार्डिनल्सकडून त्यानं २४ होमरन मारून कारकिर्दीतल्या ७०३ होमरनचा टप्पा गाठला. काढणंही बरोबर होतं आणि उचलणंही.

तरुणाच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर आणून बेंचवर बसवणं. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या विशीतल्या पोराचं टायमिंग जातं आणि तुम्हाला काही कळतही नाही. रोज खेळवायचा नसेल तर खालीच राहू द्या. वर आणलाच तर सहा आठवडे, दीडेकशे वेळा प्लेटवर यायची हमी द्या, सातव्या-आठव्या क्रमांकावर. अपवाद एकच: तो चेंडूला बॅटच लावू शकत नसेल तर वाट बघू नका. २०२४ मध्ये ओरिओल्सच्या जॅक्सन हॉलिडेचे १० सामन्यांत ३४ पैकी २ हिट आणि १८ स्ट्राइकआउट झाले. त्याला लगेच परत पाठवलं. ३१ जुलैला तो पुन्हा आला, आणि त्याच दिवशी त्यानं ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला. खाली-वर करण्याची सोय साधारण तीन मोसम असते आणि एका मोसमात पाचदाच, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही.

एखादा गुणी पोरगा एप्रिलच्या मध्यावरच का वर येतो, असं वाटलं तर कॅलेंडर बघा. १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष. शिकागो कब्जनी २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला आणलं, त्याचे भरले १७१, आणि तो करारातून मोकळा होण्याआधी संघाला एक वर्ष जास्त मिळाला. २०२२ पासून नामांकित नवोदित रुकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनांत आला तर त्याला पूर्ण वर्ष मिळतं, त्यामुळे हा डाव आता तितका फायद्याचा राहिलेला नाही.