फाइल उडवली, जागा मात्र भरलेलीच

प्रश्न : उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. बिलिंगच्या लिनक्स सर्व्हरची डिस्क 100 टक्के भरली. मोठी लॉग फाइल ‘आरएम’ने उडवली, तरी ‘डीएफ -एच’ 100च दाखवतंय. असं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘आरएम’ने फक्त फाइलचं नाव पुसलं. लॉग लिहिणारा प्रोग्राम ती फाइल अजून उघडी धरून बसलाय; तो सोडेपर्यंत लिनक्स जागा मोकळी करत नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल1’ चालवा (एल कॅपिटल). ज्या ओळीच्या शेवटी ‘डिलीटेड’ दिसेल, तिथंच प्रोग्रामचं नाव आणि पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) मिळेल. मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट’ आणि पुढे त्या सर्व्हिसचं नाव. बिलं निघत असताना हे नको, जेवणाच्या सुट्टीत करा. अख्खा सर्व्हर रीबूट करायची गरज नाही. प्रोग्राम जबरदस्तीनं बंद करणारं ‘किल -9’ तर मुळीच नको, चालू नोंद अर्धवट राहू शकते.

यापुढे चालू लॉगवर ‘आरएम’ वापरू नका. ‘सुडो ट्रंकेट -एस 0’ आणि फाइलचं नाव दिलं की फाइल जागेवर राहते, आकार शून्य होतो. कायमचा इलाज लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग आपोआप बाजूला काढून पुसणारी सोय. आणि डिस्कवर जागा दिसत असूनही फाइल बनत नसेल, तर ‘डीएफ -आय’ पाहा. बारीकसारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी डिस्कवरची नोंद; यांची संख्या ठरलेली असते) संपवलेले असतात.