पन्नाशीनंतर इंग्रजी सुधारायला साहित्य-चर्चेच्या वर्गाला जावं, की सरळ स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा?

तुमच्या प्रश्नाखालची ओळ वाचली आणि लिहायला बसलो. "धड चार वाक्यं बोलता येत नाहीत, कथा-कविता वाचून काय करणार, असं घरचे म्हणतात." घरच्यांचं सोडा हो, अशा वर्गांत शिकवणारेसुद्धा हेच म्हणतात. मी प्रौढांच्या एका वर्गात बरीच वर्षं विनामोबदला शिकवलंय आणि याच मुद्द्यावरून माझं तिथे वाजलेलं आहे. त्यामुळे निःपक्षपाती उत्तर हवं असेल तर दुसऱ्या कुणाचं वाचा.

माझं मत: थोडंफार वाचता येत असेल तर साहित्याचा वर्ग. स्पोकनच्या क्लासात तुम्हाला बोलायला लावतात, पण बोलावं असं काही हातात देत नाहीत. 'तुमचा छंद सांगा', 'तुमच्या कुटुंबाची ओळख करून द्या'. ज्या माणसाने आयुष्यभर माणसं पाहिलीत, त्याने छंदावर पाच वाक्यं पाठ करायची?

आमच्या वर्गात एक बाई होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कायम भिंतीकडेच्या खुर्चीत, वही मांडीवर. वाचायच्या सगळं, बोलायच्या काही नाही. एकदा आम्ही एक छोटी कथा घेतली होती. नवरा एक पत्र लपवतो, बायको बाहेरून येते, पिशवी ठेवते, हात धुते आणि भलत्याच विषयावर बोलू लागते. सगळ्यांचं म्हणणं एकच, बिचारीला काही पत्ताच नाही. तेवढ्यात या बाई म्हणाल्या, "नो. वाइफ ऑलरेडी रीड लेटर. सो शी नॉट आस्क."

मी ती कथा अनेकदा शिकवली होती, हे मला कधी सुचलं नव्हतं. घरी रोज येणारं टपाल पाहिलं का, हे न विचारणारी बाई म्हणजे ज्या बाईला उत्तर माहीत आहे ती. पुन्हा वाचलं तर प्रत्येक वाक्य त्यांच्या बाजूने साक्ष देत होतं. मी "कशावरून?" असं विचारणार, तोच माझे सहशिक्षक (निवृत्त, शिस्तीचे, व्याकरणात पक्के) म्हणाले, "शी डिड नॉट आस्क. रिपीट." बाईंनी रिपीट केलं. अगदी बिनचूक. आणि वही मिटली. कशावरून, हे त्या दिवशी कुणाला कळलंच नाही.

वर्ग सुटल्यावर आमची जुंपली. सरांचं म्हणणं, आधी पाया, मग चर्चा. चुकीचं बोलू दिलं तर चूक घट्ट बसते. माझं म्हणणं, पाया घालता घालता माणसं निघून जातात, आणि प्रौढ वर्गात हजेरीची सक्ती नसते.

तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथे सांगतो. 1957 साली अमेरिकेत, साउथ कॅरोलिनातल्या जॉन्स आयलंडवर कृष्णवर्णीय प्रौढांसाठी एका दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर तिथे वाचून दाखवावं लागे. शिकवायला मुद्दाम प्रशिक्षित शिक्षिका न घेता बर्निस रॉबिन्सन यांना घेतलं; त्या ब्यूटिशियन होत्या. त्यांनी आधी लहान मुलांची पुस्तकं आणली होती, ती बाजूला ठेवली आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला सही करायची होती, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. शिकवणी तिथूनच सुरू झाली आणि पुढे असे वर्ग दक्षिणेत ठिकठिकाणी निघाले. सर म्हणतील, ती माणसं आपल्या बोलण्यातलीच भाषा वाचायला शिकत होती, तुमच्या वर्गातली माणसं परकी भाषा शिकतायत. मुद्दा खरा आहे. पण मोठ्या माणसाला बालवाडीची पुस्तकं देऊ नयेत, हे दोन्हीकडे लागू पडतं.

आता तुमच्या कामाचं. तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी, अशी जाहिरात करणाऱ्याकडे जाऊ नका. केंब्रिजच्या परीक्षामंडळाचा ढोबळ हिशेब असा, की ए-टू पातळीला (रोजच्या साध्या गरजांपुरती भाषा) सुरुवातीपासून साधारण 200 तासांचं शिक्षण लागतं आणि तिच्या वरच्या बी-वनला (ओळखीच्या विषयांवर स्वतःचं म्हणणं मांडता येणं) 350 ते 400. आठवड्याला दोन तास वर्ग असेल तर ए-टूवरून बी-वनची ही एक पायरी चढायला दीड-दोन वर्षं जातात. घरी वाचलंत तर लवकर. पुस्तक निवडताना एक पान वाचा. पाच-सहाहून जास्त शब्द अडले तर ते ठेवून सोपं घ्या. मोठ्यांसाठी सोप्या भाषेत, पातळीनुसार लिहिलेल्या इंग्रजी कथा मिळतात, त्यात कमीपणा मानू नका.

आणि वर्ग असा शोधा जिथे लिहूनही घेतात. 1908 मध्ये आर. एच. टॉनी या इतिहासकाराने इंग्लंडमध्ये रॉचडेल आणि लाँगटनला कामगारांचे वर्ग घेतले, त्या वर्गांची पद्धत होती एक तास व्याख्यान, एक तास चर्चा आणि दर पंधरा दिवसांनी एक निबंध. नुसत्या गप्पांनी इंग्रजी सुधारत नाही, हे मला कबूल आहे. चुका लिखाणात लाल शाईने दाखवाव्यात, बोलणाऱ्याच्या तोंडावर नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: अक्षरओळखच नवीन असेल किंवा महिन्याभरात मुलाखत असेल, तर यातलं काही ऐकू नका, स्पोकनचाच क्लास लावा. आणि त्या बाईंनी पुढे स्वतःहून व्याकरणाचं पुस्तक मागून घेतलं, सरांकडूनच. सर अजून ते सगळ्यांना सांगतात. मागितलं ते कथेवर बोलायचं होतं म्हणून, हे मात्र सांगत नाहीत.