भेट मिळालेलं जहाज चालवायला किती लागतं: श्रीलंकेच्या नौदलाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिका, चीन, भारत हे सगळे श्रीलंकेला जहाजं देतात, तरी त्यांचं नौदल अडचणीत आहे असं का म्हणतात? आणि एवढी जुनी जहाजं घेण्यापेक्षा नवी का घेत नाहीत?

माझी तीस वर्षं जहाजदुरुस्तीत गेली, त्यामुळे उत्तर इंजिन रूममधून सुरू करतो.

त्यांचं 'गजबाहू' घ्या. हे जहाज १९६८ साली 'शर्मन' या नावानं अमेरिकी तटरक्षक दलात आलं आणि २०१९ मध्ये श्रीलंकेच्या नौदलात दाखल झालं. म्हणजे नव्या मालकाकडे आलं तेव्हाच त्याचं वय पन्नाशी ओलांडलेलं. त्याच वर्गाचं, १९७१ चं दुसरं जहाज २०२२ मध्ये 'विजयबाहू' झालं. ११५ मीटर लांबीची ही जहाजं बांधणीला उत्तम आहेत. नेहमीच्या गस्तीसाठी दोन डिझेल इंजिनं, वेग हवा तेव्हा दोन गॅस टर्बाइन. पण ही यंत्रं साठच्या दशकातली. त्यांचे भाग आता सहज मिळत नाहीत. निवृत्त झालेल्या भावंडांमधून काढलेले भाग मिळतात, तेही संपत जातात.

एकदा एका परदेशी गस्ती जहाजाचं काम आमच्याकडे होतं. जनरेटरच्या गव्हर्नरमधला (इंजिनाचा वेग आवरणारं यंत्र) तळहाताएवढा एक भाग झिजला होता आणि बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. जुन्या भागावरून माप घेऊन लेथवर नवा काढला, दोनदा फसला, तिसऱ्यांदा बसला. तोवर जहाज चार महिने धक्क्याला बांधून होतं. कप्तान रोज सकाळी येऊन काही न बोलता उभा राहायचा. त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

आता हेच श्रीलंकेच्या पातळीवर बघा. गजबाहू, विजयबाहू अमेरिकेची. 'पराक्रमबाहू' १९९४ चं चिनी जहाज, २०१९ मध्ये मिळालेलं. 'सयुराला' आणि 'सिंदुराला' आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डनं नवी बांधून दिलेली, २०१७ आणि २०१८ मध्ये नौदलात आली. 'सयुरा' म्हणजे आपली जुनी 'सरयू', २००० साली तिकडे गेलेली. मोठ्या जहाजांत तीन देश, आणि छोट्या बोटींत इस्रायली व ऑस्ट्रेलियन बनावटीची भर. एका जहाजावर बोल्ट इंचात, दुसऱ्यावर मिलिमीटरमध्ये. तेल वेगळं, फिल्टर वेगळे, माहितीपुस्तकाची भाषा वेगळी. एका जहाजावर पाच वर्षं घासलेला मेकॅनिक दुसऱ्यावर गेला की पुन्हा शिकाऊ. वयापेक्षा मला या मिसळीची काळजी जास्त वाटते. एकसारखी चार जुनी जहाजं असतील तर एकाचे भाग काढून तीन चालवता येतात. चार जातींची असतील तर तेही जमत नाही.

देणाऱ्याशी बांधिलकी कशी राहते त्याचं उदाहरण त्यांच्या तटरक्षक दलात आहे. आपण २०१७ मध्ये 'वरुण' दिलं, त्याचं नाव 'सुरक्षा' ठेवलं. जून २०२४ मध्ये आपल्या तटरक्षक दलाचं जहाज त्याच्यासाठी १२ लाख डॉलरचे सुटे भाग घेऊन कोलंबोला गेलं. आपण शेजारी आहोत आणि देत राहिलो म्हणून ते जहाज चालतं. प्रत्येक देणारा इतका जवळ नसतो.

जुन्या जहाजांवर अन्यायही करायचा नाही. १९९५ च्या एप्रिलमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीत एलटीटीईनं, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या बंडखोरांनी, 'सूरया' आणि 'रणसुरू' या दोन गनबोटी बंदरातच बुडवल्या. त्यानंतरचं सागरी युद्ध बरंचसं छोट्या वेगवान बोटींनी लढलं गेलं. पण २००७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एलटीटीईची शस्त्रं साठवलेली जहाजं भर समुद्रात गाठून बुडवली, तेव्हा तिथवर पोचली ती सयुरा आणि अमेरिकेकडून मिळालेली 'समुदुरा' यांच्यासारखी हातबदल झालेली जहाजंच. बेटापासून हजार किलोमीटरहून दूर, वाटेत व्यापारी जहाजांतून इंधन घेत. त्या खलाशांबद्दल मला मनापासून आदर आहे.

युद्ध २००९ मध्ये संपलं आणि काम बदललं. शोध आणि बचावासाठी त्यांच्याकडे आलेला समुद्र देशाच्या भूभागाच्या सुमारे २७ पट आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पारादीपला निघालेल्या 'न्यू डायमंड' टँकरला पूर्व किनाऱ्याजवळ आग लागली. आत २.७ लाख टन कच्चं तेल होतं, आणि आपल्या तटरक्षक दलाला धावून जावं लागलं. पुढच्याच वर्षी 'एक्स-प्रेस पर्ल' हे मालवाहू जहाज कोलंबोसमोर जळालं आणि बुडालं, प्लास्टिकच्या गोळ्यांनी किनारे भरले. अशा वेळी लागतात ताकदवान टग (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटी) आणि आग विझवणारी जहाजं, आणि ती सहसा कुणी भेट देत नाही.

तळांचं म्हणाल तर निसर्गानं त्रिंकोमाली दिलं आहे. खोल, चहूबाजूंनी आडोसा असलेलं बंदर, ब्रिटिशांनी १९५७ पर्यंत सोडलं नाही ते उगाच नाही. अडचण अशी की मे ते सप्टेंबर पश्चिमेचा समुद्र खवळतो आणि ईशान्य मोसमी वाऱ्यात पूर्वेचा, म्हणून दोन्ही बाजूंना धक्के, इंधन आणि कार्यशाळा ठेवाव्याच लागतात. उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी इतकी उथळ की गजबाहूचा तिथे उपयोग नाही. मासेमारीसाठी हद्द ओलांडणाऱ्या तमिळनाडूच्या ट्रॉलरांचा रोजचा ताप छोट्या बोटींवरच पडतो, आणि त्यात दोन्हीकडची माणसं जीव गमावतात, हे फार वाईट आहे. हंबनटोटाचं व्यापारी बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं. त्यावर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही.

आता पैसा. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रानिल विक्रमसिंघे यांनी तांबड्या समुद्रात जहाज पाठवायचं जाहीर केलं, तेव्हा एका जहाजाचा दोन आठवड्यांचा खर्च त्यांनीच २५ कोटी श्रीलंकन रुपये सांगितला. ज्या देशानं एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, पेट्रोलसाठी लोक दिवसदिवस रांगेत उभे राहिले, तिथे नौदल तरी किती डिझेल मागणार? नवी जहाजं का नाहीत याचं उत्तर इथेच आहे. म्हणून एखाद्या नौदलाकडे किती जहाजं आहेत यापेक्षा वर्षातले किती दिवस ती समुद्रावर असतात, हे आधी विचारत जा. आणि चांगल्या मेकॅनिकला व्यापारी जहाजावर डॉलरमध्ये पगार मिळतो, तेव्हा तो टिकवणंही सोपं नाही.

माझं मत विचारलंत तर पुढची भेट चौथ्या देशाकडून घेऊ नये. पैसे जमतील तेव्हा सयुरालाच्याच जातीचं तिसरं जहाज घ्यावं. जून २०२५ मध्ये माझगाव डॉकनं कोलंबो डॉकयार्ड या तिथल्या जहाजबांधणी-दुरुस्ती कंपनीतला बहुमताचा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. त्या कराराची बातमी लोक चीनविरुद्ध भारत म्हणून वाचतात. मी मात्र बघतोय की सयुराला आणि सिंदुरालाचे सुटे भाग आता कोलंबोच्या गोदामातच ठेवले जातात का.