गांबियात संशोधनाच्या नोकरीसाठी यावं का? एका डॉक्टरांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएसएममध्ये (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) एमडी झालात, नंदुरबारला काही वर्षं काम केलंत, आणि आता पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात, बास्से गावी लहान मुलांच्या न्यूमोनियावरच्या एका प्रकल्पात तीन वर्षांची नोकरी चालून आली आहे. सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. हे काम खरोखर त्या देशाच्या उपयोगाचं असतं की नमुने गोळा करून युरोपात धाडायची हमाली असते, हे तुम्हाला आधी जाणून घ्यायचंय. मलेरिया, शाळा, राहणीमान हे त्यानंतर. मी साथरोगांच्या कामासाठीच इथे आले आणि राहिले. माझं उत्तर "या" असंच आहे, पण एक अट पाहून या. तिच्याकडे येते.

देश केवढा ते आधी लक्षात घ्या. गांबिया नदीच्या दोन्ही काठांची एक चिंचोळी पट्टी, तीन बाजूंनी सेनेगल, चौथीकडे अटलांटिक. क्षेत्रफळ आपल्या जळगाव जिल्ह्यापेक्षा थोडं कमी, लोकसंख्या सुमारे 24 लाख. 1965 मध्ये ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं. विद्यापीठ 1999 मध्ये सुरू झालं, त्याआधी डॉक्टर व्हायला इथल्या मुलांना परदेशी जावं लागे. आणि अशा देशात 1947 पासून किनाऱ्यावरच्या फजारा इथे ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलची प्रयोगशाळा आहे. 2018 पासून ती लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनकडे आहे. देश लहान असल्यामुळे संशोधक आणि आरोग्य खातं यांच्यात अंतर फार कमी. इथे एखादी गोष्ट सिद्ध झाली की ती राष्ट्रीय कार्यक्रमात जाताना तुम्हाला डोळ्यांनी दिसते. आपल्याकडे राज्याच्या पातळीवरसुद्धा ते सुख सहसा मिळत नाही.

उदाहरण मच्छरदाणीचं देते, कारण त्यात यश आणि धडा दोन्ही आहे. कीटकनाशकात बुडवलेल्या मच्छरदाण्यांनी लहान मुलांचे मृत्यू कमी होतात, हे आज सगळे गृहीत धरतात. त्याचा पहिला ठोस पुरावा इथला. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1 ते 4 वर्षांच्या मुलांचे मृत्यू 63 टक्क्यांनी घटलेले दिसले. मग सरकारने ते देशभर न्यायचं ठरवलं. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षी घट 25 टक्क्यांच्या आसपास आली. तीही मोठीच, पण प्रयोगातल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. त्यानंतर कीटकनाशकासाठी पैसे आकारायला सुरुवात झाली आणि वापर पार कोसळला. प्रयोगात प्रत्येक मच्छरदाणी आमचे लोक स्वतः बुडवतात, कार्यक्रमात ती आईने वेळ काढून बुडवायची असते. नंदुरबारला तुम्ही हे लोहाच्या गोळ्यांपासून फवारणीपर्यंत सगळ्यात पाहिलं असेल. बास्सेत तुम्ही जी लस तपासाल तिच्याबाबतीतही पहिल्या दिवसापासून हा विचार ठेवा.

हिब या जिवाणूमुळे लहान मुलांना मेंदुज्वर आणि न्यूमोनिया होतो; त्यावरच्या लसीची गोष्ट याहून सुखद. 1990 च्या दशकात 42,848 बाळांवर ती तपासली गेली आणि 1997 मध्ये देशाच्या लसीकरणात आली. त्याआधी एक वर्षाखालच्या मुलांमध्ये हिब मेंदुज्वराचं वार्षिक प्रमाण दर लाखामागे 200 च्या वर होतं. 2002 पर्यंत ते शून्यावर आलं, तेही मधूनमधून लसीचा पुरवठा खंडित होत असताना. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूवरच्या लसीची मोठी चाचणी तुमच्याच भागात, देशाच्या पूर्व टोकाला झाली: 17,437 मुलं, आणि 2005 मध्ये निष्कर्ष की लस मिळालेल्या मुलांमधले एकूण मृत्यू 16 टक्क्यांनी कमी. एका लसीने, सगळ्या कारणांच्या मृत्यूंमध्ये! न्यूमोनियावर काम करणाऱ्याने ज्या जमिनीवर उभं राहावं अशी ही जमीन आहे.

हिपॅटायटिस बीचं काम मला सगळ्यांत धीराचं वाटतं. 1986 मध्ये लस महाग होती आणि एकदम साऱ्या देशाला पुरवणं शक्य नव्हतं. तेव्हा एकेका लसीकरण पथकाला क्रमाक्रमाने लस द्यायची, चार वर्षांत देश पुरा करायचा, आणि आधी-नंतर जन्मलेल्या सुमारे सव्वा लाख मुलांची पुढे आयुष्यभर तुलना करायची, असं ठरलं. मूळ प्रश्न होता यकृताच्या कर्करोगाचा, म्हणजे उत्तर यायला काही दशकं लागणार हे सुरू करणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यासाठी त्याच वर्षी राष्ट्रीय कर्करोग नोंदणीही सुरू केली. इथे पुरुषांमध्ये हा कर्करोग फार. कारण विषाणू तर आहेच, पण शेंगदाणाही आहे. भुईमूग हे इथलं मुख्य पीक, दोमोदा नावाची दाण्याच्या कुटाची आमटी घरोघरी असते आणि आपल्या जिभेला पहिल्याच घासात आवडते. दमट साठवणीत दाण्याला बुरशी लागते, अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाच्या यकृताला ते कित्येक पट घातक ठरतं. बाजारातून दाणे घेताना निवडून घ्या, खवट किंवा काळपट दाणा टाकून द्या.

आता केनेबा हे गाव. बास्सेला जाण्याआधी एकदा तिथे जाच. इयान मॅकग्रेगर नावाच्या डॉक्टरांनी 1950 च्या सुमारास या गावातल्या जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या काळात जवळजवळ निम्मी मुलं पाचव्या वाढदिवसाआधी जात. मोठ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं आजारी मुलांना दिली तर मलेरियाचे परजीवी घटतात, हे 1961 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. मलेरियाच्या लसीची सगळी आशा त्या निष्कर्षावर उभी राहिली. पुढे याच नोंदींतून 1997 मध्ये एक वेगळंच चित्र पुढे आलं. पावसाळ्यात म्हणजे उपासमारीच्या दिवसांत आणि लगेच नंतर जन्मलेली माणसं तरुणपणी अकाली मरण्याचं प्रमाण इतरांच्या कित्येक पट होतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोठार रिकामं, शेतात सर्वांत जास्त कष्ट, आणि मलेरियाही वाढू लागलेला, हे तिन्ही गर्भार बाईवर एकाच वेळी येतं. मेळघाटात पावसाळ्यात बालमृत्यू का वाढतात हे ज्याला माहीत आहे त्याला समजावून सांगायला नको. मात्र बांगलादेशात मतलब नावाच्या ग्रामीण भागाच्या नोंदींमध्ये हाच शोध घेतला तेव्हा असा संबंध आढळला नाही. एका गावचं सत्य दुसऱ्या गावाला तसंच लागू करायची घाई नको, हे मला त्या दोन निष्कर्षांनी शिकवलं.

पुण्याचा संबंध तुम्हाला इथे सतत भेटेल. आफ्रिकेच्या मेंदुज्वर पट्ट्यासाठी तयार झालेली मेनआफ्रिव्हॅक लस सीरम इन्स्टिट्यूटची. तिच्या सुरुवातीच्या चाचण्यांपैकी एक गांबियात झाली, आणि 2010 च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून ती मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली. सीरमचीच न्यूमोकोकसची दहा प्रकारांवरची स्वस्त लस 2,250 गांबियन बाळांमध्ये तपासली गेली. पाच प्रकारांच्या मेंदुज्वरावरची नवी लसही माली आणि गांबियात. हडपसरला तयार झालेली कुपी बास्सेतल्या आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये बघताना मला अजूनही अभिमान वाटतो.

पण दुसरी बाजूही ऐकून या, कारण ती तुम्हाला तोंडावर ऐकवली जाईल. 2022 मध्ये इथे साठहून अधिक लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. हरियाणात तयार झालेल्या खोकला-सर्दीच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल असल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने 5 ऑक्टोबर 2022 ला दिला. आपल्या सरकारने नंतर नमुन्यांत दोष आढळला नसल्याचं म्हटलं. इथल्या आईबापांच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला नाही, आणि माझ्याही दृष्टीने नाही. गांबियाकडे औषध तपासायची स्वतःची प्रयोगशाळा नव्हती, नमुने परदेशी पाठवावे लागले. जगातली उत्तमोत्तम लस-संशोधनं जिथे झाली, तिथे एका सिरपची बाटली तपासायची सोय नसावी, याचा मला आजही राग येतो. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर माझ्यासाठी इथे आहे. संशोधन उपयोगाचं झालंच. पुष्कळ मुलं वाचली. पण संशोधनासाठी जे उभं राहिलं ते सगळं देशाच्या आरोग्ययंत्रणेच्या हातात आपोआप येत नाही. ते आणावं लागतं, आणि ते आणण्याची तरतूद प्रकल्पाच्या कागदात आधीपासून असावी लागते.

म्हणून अट अशी: होकार देण्याआधी लेखी विचारा. प्रकल्पाच्या प्रमुखांमध्ये गांबियन संशोधक आहे का, की फक्त समन्वयक म्हणून नाव आहे? नमुने कुठे साठवले जातील, बाहेर गेले तर कोणत्या कराराने, आणि उरलेल्यांवर हक्क कोणाचा? किती गांबियन मुलं-मुली या पैशातून एमएस्सी, पीएचडी करणार? निधी संपल्यावर फील्ड वर्करांचं काय? या शेवटच्या प्रश्नाला लोक उडवाउडवी करतात, त्यावर अडून बसा. घरोघर जाणारे, मँडिंका, फुला, वोलोफ, सेराहुले अशा भाषा बोलणारे ते लोकच खरं संशोधन करतात; प्रकल्प संपला की त्यांचा करार संपतो आणि अनुभवी माणूस टॅक्सी चालवायला लागतो. हे मी वारंवार पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. समाधानकारक उत्तरं मिळाली तर डोळे झाकून या. नाही मिळाली तर पगार कितीही असो, दुसरी संधी शोधा. तुमच्या अनुभवाला ती मिळेल.

संमतीबद्दल थोडं. परवानगीची सुरुवात गावच्या अल्कालोपासून, म्हणजे गावप्रमुखापासून होते. मानाची भेट म्हणून कोला नट घेऊन जायचं, मग बंताबा या सावलीच्या बैठकीच्या जागी सगळ्यांसमोर बोलायचं, मग घरातल्या कर्त्याशी, आणि शेवटी आईशी, एकटीशी. संमतीपत्र इंग्रजीत असतं, फील्ड वर्कर ते तोंडी तिच्या भाषेत सांगतो, एक त्रयस्थ साक्षीदार बसतो. "हे लोक रक्त नेऊन विकतात" ही अफवा इथे फार जुनी आहे. तिला अडाणीपणा समजू नका. रक्त गेलं, नंतर काय झालं ते कुणी सांगायला परत आलं नाही, हा लोकांचा अनुभव आहे. नळी दाखवा, किती चमचे रक्त ते सांगा, आणि निकाल हातात आला की त्याच झाडाखाली जाऊन तो ऐकवा. यासाठी वेळ आणि डिझेल लागतं, ते बजेटमध्ये मागून घ्या.

मलेरियाबाबत भीती नको, पण शिस्त हवी. इथे जवळजवळ सगळा फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार. पाऊस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, रुग्ण सप्टेंबर ते नोव्हेंबरात सर्वाधिक. तुम्हा तिघांनाही प्रतिकारशक्ती नाही. क्लोरोक्विन उपयोगाचं नाही; अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सिसायक्लिन, मेफ्लोक्विन यांतलं काय घ्यायचं ते निघण्याआधी ठरवा, मुलीसाठी डॉक्सिसायक्लिन नाही हे तुम्हाला माहीतच आहे. "व्हायरल असेल, दोन दिवस बघू" हे आपल्या घरचं वाक्य इथे विसरायचं. ताप आला की त्याच दिवशी तपासणी. नंदुरबारला सिकलसेल पाहिला असेल, तोही इथे पुष्कळ दिसेल. त्याचं वाहकपण मलेरियापासून वाचवतं हे पुस्तकात वाचलेलं, इथे वॉर्डात दिसतं.

कुटुंबाचं म्हणाल तर बास्से किनाऱ्यापासून पावणेचारशे किलोमीटर आत आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार, वीज बेभरवशाची. मुलीला लगेच तिकडे नेण्यापेक्षा पहिले काही महिने पत्नी आणि मुलगी फजारा-बकाऊ भागात राहिल्या तर बरं. तिथे इंग्रजी शाळा आहेत, समुद्राचा वारा आहे, भारतीय व्यापाऱ्यांच्या दुकानात डाळ, मसाले, पीठ मिळतं. तुम्ही मात्र पावसाळा बास्सेत काढा, निदान पहिला. परदेशी माणसं नेमकी त्याच काळात रजेवर जातात, आणि ज्या आजारांवर काम करायचं ते नेमके तेव्हाच येतात. गंभीर आजारासाठी सेनेगलच्या राजधानीला, डकारला किंवा त्याहून लांब न्यावं लागू शकतं, तेव्हा करारात विमानाने हलवण्याचा विमा तिघांच्याही नावाने आहे ना ते बघा. लोक अतिशय प्रेमळ. दुपारी अताया चहाला बोलावलं तर बसा, तो तीन फेऱ्यांत होतो आणि मधूनच उठणं बरं दिसत नाही.

रुग्ण तपासणार असाल तर इथल्या मेडिकल अँड डेंटल कौन्सिलची नोंदणी लागेल. महाराष्ट्र कौन्सिलची कागदपत्रं आत्ताच मागवायला घ्या, वेळ तिकडेच जातो. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, ठरावीक सरकारमान्य केंद्रातच, तिघांनीही. मेंदुज्वराचीही घ्या. पीतज्वराचं प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवा: सुट्टीला मुंबईत उतरताना ते जवळ नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि त्यात चार वर्षांच्या मुलीलाही सूट नाही.