किऑस्कवर पहिलंच काम करतोयस, म्हणून सांगतो

किऑस्क म्हणजे लोकांनी स्वतः वापरायचं टचस्क्रीन मशीन. तहसीलमधल्या सातबाऱ्याच्या अशा मशीनची स्क्रीन मोबाइल ॲपसारखी आखू नकोस. परभणी-हिंगोलीकडचा माणूस कापूस वेचून आलेला असतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांचा स्पर्श कपॅसिटिव्ह काच (बोटाच्या विद्युत परिणामावरून स्पर्श ओळखणारी) कधीकधी ओळखतच नाही. मग तो जोरात, धरून दाबतो. म्हणून बटणं निदान दोन सेंटिमीटरची ठेव, मधे मोकळी जागा सोड, दाबताक्षणी रंग बदलू दे. लाँग-प्रेसवर, म्हणजे बोट दाबून धरल्यावर, उघडणारा मेनू आधी बंद कर, नाहीतर एखादं पोरगं त्यातून थेट डेस्कटॉपवर पोचतं. (पोरांइतका चांगला टेस्टर मिळत नाही.) स्वाइप नकोच.

जिल्हा, तालुका, गाव यादीतून निवडू दे. गट नंबरचा मूळ आकडा टाकला की पोटहिस्से आपोआप दिसू देत.

माणूस अर्धवट सोडून गेला तर? मागच्याला त्याचा मोबाइल नंबर दिसता कामा नये. माहिती आपोआप पुसली जावी, पण आधी 'अजून वेळ हवा का?' विचार आणि उत्तराला किमान 20 सेकंद दे. प्रिंटरात कागद आहे का, हे पैसे घेण्याआधी तपास. आणि चालू मशीनची वायर ओढून बघ: लाइट आल्यावर कुणी हात न लावता ॲप पहिल्या स्क्रीनवर आलं पाहिजे.