नागपुरात जुने निगेटिव्ह आणि स्लाइड्स बघायला कोणता लाइट बॉक्स घ्यावा?

वडिलांच्या स्लाइड्स बघायच्या आहेत म्हणता, तर लाइट बॉक्सचा (फिल्मला खालून उजेड देणाऱ्या पांढऱ्या पाटीचा) सीआरआय आधी विचारा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १००पैकी आकडा. तो ९५च्या आसपास हवा, निदान ९०च्या वर. प्रकाश ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. सीताबर्डीत स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं, चित्र गिरवायचं एलईडी ट्रेसिंग पॅड स्वस्त पडतं, पण बहुतेकांवर सीआरआय लिहिलेलाच नसतो. कृष्णधवल निगेटिव्हला ते चालून जाईल. रंगीत स्लाइडमध्ये मात्र लाल रंग मेलेला दिसतो आणि आपण उगाच फिल्मला दोष देतो. (मी दिला होता!)

दुकानातच एक परीक्षा करा. पॅडचा उजेड मंद करा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर प्रकाश लुकलुकतोय. डोळ्यांना ते कळत नाही, पण पुढे कॅमेऱ्याने फिल्मचे फोटो काढायचे असतील तर नडतं.

आकार ए४ पुरे. माउंट केलेली (चौकटीत बसवलेली) स्लाइड ५ बाय ५ सेंटीमीटरची, म्हणजे एका वेळी वीस मावतात. सोबत ४ पट किंवा ८ पटीचं भिंग घ्याच. पॅडपेक्षा त्याचाच उपयोग जास्त जाणवेल. टॅबलेटचा पांढरा स्क्रीन वापरू नका, भिंगातून पिक्सेल दिसतात. वापरायचाच झाला तर फिल्म दोन-तीन सेंटीमीटर वर धरा.

आणि हो, कूलरच्या खोलीत स्लाइड्स ठेवू नका. त्या दमट हवेत बुरशी धरते.